संहिता आणि पदपाठ : ‘वसंतविधी’च्या दोन ध्वनिमुद्रणांचे श्रवण

पाश्चात्त्य वाद्यसंगीताच्या रसग्रहणाचा प्रयत्न मराठीत होतो तेव्हा बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर लेखक संगीतकाराचे चरित्र सांगून मोकळा होतो. किंवा आपल्या संगीतातील एखाद्या परिचित संज्ञेचे बोट धरून तो परक्या संगीताच्या दारापर्यंत जातो आणि तेथेच थांबतो. इगॉर स्ट्राव्हिन्स्की याच्या ‘ल साक्र द्यू प्रँताँ’ ह्या बॅलेसंगीताच्या वाट्याला आपल्याकडे विशेषतः दुसरा प्रकार आला आहे. ‘त्यातील लय म्हणजे आपल्याकडील विषम तालांसारखीच’ हे विधान बोलण्यात इतक्या सहजपणे केले जाते की, ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात ते तपासावयाचे आहे. त्यासाठी दोन ध्वनिमुद्रणांचा आधार घेतला आहे : एक, मुंबईत जन्मलेले वाद्यवृंदसंचालक झुबीन मेहता यांनी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलेले, १९६९ चे, आणि दुसरे, खुद्द संगीतकाराच्या संचालनाखाली कोलंबिया सिम्फनी वाद्यवृंदाने वाजविलेले, १९६० चे.

लेखक संगीतज्ञ नव्हे, भाषेचा अभ्यासक आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. मात्र ह्या कृतीचा मूळ प्रश्न सलग प्रवाहाचे तुकडे कोठे पाडावयाचे हा आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकाला अपरिचित नाही.

१

कृतीचा इतिहास थोडक्यात असा. सेर्गेई द्यागिलेव्ह याच्या ‘बॅले रूस’ ह्या मंडळीने २९ मे १९१३ रोजी पॅरिसच्या शाँझ-एलिझे नाट्यगृहात हा बॅले प्रथम रंगभूमीवर आणला. नृत्यरचना निजिन्स्कीची, संचालन प्येर माँतो याचे, आणि नेपथ्य व वेशभूषा निकोलाय रोरिक याची. कथासूत्र रचण्यातही रोरिकचा वाटा होता. हाच रोरिक पुढे कुलूच्या खोऱ्यात नग्गर येथे येऊन राहिला आणि १९४७ मध्ये तेथेच निवर्तला. ख्रिस्तपूर्व रशियातील एका टोळीचा वसंतोत्सव आणि त्याच्या अखेरीस पृथ्वीला प्रसन्न करण्यासाठी नाचत नाचत प्राण देणारी एक निवडलेली कुमारिका, एवढेच कथानक. कृतीच्या नावाचीही भाषापरत्वे थोडी ओढाताण झाली आहे. रशियन नावाचा अर्थ ‘पवित्र वसंत’ असा. फ्रेंच नावात अभिषेकाची छटा आली, आणि इंग्रजीत ती विधीवर स्थिरावली. आपण सोयीसाठी ‘वसंतविधी’ म्हणू.

पहिल्या प्रयोगाच्या वेळी प्रेक्षागृहात जो गोंधळ उडाला त्याचे वर्णन सर्वत्र वाचावयास मिळते. म्हणून त्यात शिरत नाही. आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची घटना निराळी आहे. निजिन्स्कीच्या नृत्यरचनेचे मोजकेच प्रयोग झाले आणि ती विस्मृतीत गेली. तिची पुनर्रचना रंगभूमीवर यावयास १९८७ साल उजाडले. संगीताने मात्र १९१४ मध्येच पॅरिसच्या मैफलीत स्वतंत्रपणे यश मिळविले आणि १९२९ मध्ये ते तबकड्यांवरही आले. म्हणजे नर्तकांच्या पावलांसाठी लिहिलेले संगीत पावलांवाचून जगले. नाशिकच्या श्रोत्याला तर पाच बसून, आठ हॉर्न आणि पाच ट्रंपेट असलेला एवढा मोठा वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकण्याचा योग सहसा येत नाही. त्याच्यापुरती ही कृती म्हणजे तिचे ध्वनिमुद्रणच होय. समोर नर्तक नाही, संचालकाचा हात दिसत नाही, स्वरलेखनाचा कागदही हाती नाही. आहे तो केवळ कानावर पडणारा सलग नाद. ह्या परिस्थितीत काही उणीव आहे हे खरे. परंतु ह्याच परिस्थितीत कृतीचे एक अंग अधिक उघड होते, असे मला वाटते.

२

आरंभीच्या प्रस्तावनेनंतर, पडदा वर जाताना, ‘वसंताचे शकुन’ हा भाग सुरू होतो. तंतुवाद्ये एकच कर्कश स्वरसमूह ठोक्यामागून ठोका देत वाजवू लागतात. खालच्या अंगाला एका पट्टीतील स्वरसमूह आणि वर त्याच्या लगतच्या पट्टीतील दुसरा, अशी त्याची घडण. हा समूह बदलत नाही. ठोक्यांमधील अंतरही बदलत नाही. बदलते ती एकच गोष्ट : काही ठोक्यांवर आठ हॉर्न एकदम तुटून पडतात आणि तेवढे ठोके जड होतात.

प्रारंभीचे असे ठोके बत्तीस आहेत. म्हणजे एक ठोका ही एक मात्रा मानली तर त्रितालाची बरोबर दोन आवर्तने. श्रोत्याने हा प्रयोग स्वतः करून पाहावा. हाताने त्रिताल धरावा, एक-पाच-तेरा ह्या मात्रांवर टाळी द्यावी, नवव्या मात्रेवर खाली दाखवावी. पहिले आघात येतात ते दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. नंतर दुसऱ्या आवर्तनाची सम येते आणि जाते. तिच्यावर काहीच घडत नाही. तिच्या पुढच्याच मात्रेवर आघात होतो. मग पाचव्या मात्रेवर, म्हणजे टाळीवर, आणि लगेच नवव्या मात्रेवर, म्हणजे नेमका खालीवर. आणि शेवटचा चौदाव्यावर. आवर्तन पुरे होऊन आपण समेची वाट पाहावी, तो ठोके एकाएकी थांबतात आणि भलतीच एक चार स्वरांची आकृती सुरू होते.

ह्या आघातांनी बत्तीस ठोक्यांचे जे गट पडतात ते असे : नऊ, दोन, सहा, तीन, चार, पाच, तीन. ह्या अंकांत कसलाही क्रम शोधू जाता सापडत नाही, आणि रचनेचा हेतू तोच आहे. आता झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन किंवा रूपकाचे तीन-दोन-दोन घ्या. खंड विषम आहेत, पण विषमतेची पुनरावृत्ती निश्चित आहे. एका आवर्तनानंतर ती विषमता आपल्या अंगवळणी पडते आणि पुढे तिचाच आधार होतो. तबलजी तिहाई घेतो तेव्हा मधले आघात ठेक्याच्या विरुद्ध जातात, पण ते जातात ते समेवर येऊन पोचण्यासाठीच. तालातील वक्रता ही परतीची हमी देऊन केलेली वक्रता असते. ‘वसंतविधी’त ही हमी नाही. म्हणून ‘विषम ताल’ ही उपमा दिसावयास जवळची असली तरी अर्थाने उलटी आहे. तालात विषमता असूनही निश्चिंती असते. येथे ठोका घड्याळासारखा सम असूनही निश्चिंती नाही.

३

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो विचारात घेतलाच पाहिजे. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ हा पॅरिसच्या संगीतविद्यालयात ‘वसंतविधी’चे विश्लेषण शिकवीत असे, आणि भारतीय देशी तालांचाही तो व्यासंगी होता. ते ताल त्याला मिळाले शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तून. हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला. त्याच यादवांच्या, ज्यांची आधीची राजधानी आपल्या जिल्ह्यातील सिन्नर होती. म्हणजे देवगिरीला लिहिला गेलेला तालाध्याय आणि पॅरिसला प्रथम रंगभूमीवर आलेला बॅले ह्यांची गाठ एका अधिकारी व्यक्तीच्या विचारात पडलेली आहे. मग तालाची तुलना फोल कशी?

ती फोल नाही. पण ती आजच्या ठेक्याशी केलेली तुलना नव्हे. शार्ङ्गदेवाने दिलेल्या एकशे वीस देशी तालांची घडण द्रुत, लघु, गुरु, प्लुत अशा कालमूल्यांची आहे. छोटी-मोठी कालमूल्ये एकापुढे एक मांडीत जावयाचे आणि त्या मांडणीतून आकृती सिद्ध करावयाची, ही त्यातील दृष्टी. एका मोठ्या मापाचे सारखे भाग पाडणे निराळे आणि लहान मापे जोडीत जाणे निराळे. ही दुसरी रीत मराठी वाचकाला तालापेक्षा छंदःशास्त्रामुळे अधिक परिचित आहे. माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचने’तून गेलेल्या कोणालाही लघु-गुरूंच्या बेरजेने चरण कसा घडतो हे सांगावयास नको. मेसियाँने ‘वसंतविधी’त जी ‘लयीची पात्रे’ पाहिली, म्हणजे एक वाढत जाणारे, एक आक्रसत जाणारे आणि एक स्थिर राहणारे, तीही ह्याच बेरजेच्या रीतीतून दिसू शकतात.

तरीसुद्धा ताल आणि वृत्त दोहोंतही आकृती पुन्हा येते. चरण संपतो आणि तोच लगक्रम पुन्हा सुरू होतो. ‘वसंतविधी’च्या निर्णायक जागी तो तसा येत नाही. म्हणून देशी तालाची तुलना आपल्याला अर्ध्या वाटेपर्यंत पोचविते. पुढची वाट पद्याची नसून गद्याची, किंबहुना नुसत्या उच्चारित वाणीची आहे.

४

उच्चारित वाणीत शब्दांमध्ये जागा सोडलेल्या नसतात. जागा लिपीत असतात. परकी भाषा प्रथम ऐकणाऱ्याला ती एकसंध वाटते, ती ह्यामुळेच. आपल्या परंपरेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. वेदाची संहिता म्हणजे संधींनी जुळलेला सलग पाठ. आणि पदपाठ म्हणजे तिचे पदे सुटी करून केलेले पठण. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावावर आहे. पदपाठ ही केवळ पाठांतराची सोय नव्हे. कोठे तोडावयाचे हे ठरविणे म्हणजे अर्थ ठरविणे. त्या दृष्टीने पदकार हा पहिला भाष्यकार होय.

स्वरलेखनातील उभे दंड हे संगीताचा पदपाठ आहेत. ‘वसंतविधी’च्या अखेरच्या ‘बलिनृत्या’त हे फार स्पष्ट दिसते. तेथे दोन, तीन, पाच अशा अगदी लहान मापांचे खाने जवळजवळ प्रत्येक पावलाला बदलतात. विशेष म्हणजे संगीतकाराने वेगवेगळ्या आवृत्त्यांत हे दंड निरनिराळ्या ठिकाणी ओढले आणि १९४३ मध्ये हा भाग पुन्हा लिहिताना लेखनाचे मूळ एककही दुप्पट मोठे केले. तेव्हा वाद्यांचा मेळ आणि काही तपशील त्याने बदलले हे खरे. पण लयीची मूळ संहिता बहुतांशी तीच राहिली, पदपाठ बदलला. वादकाच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. ज्या स्वरापूर्वी दंड आहे तो स्वर तो नकळत अधिक जाणिवेने वाजवितो.

आता भाषाशास्त्रातील आणखी एक भेद येथे उपयोगी पडेल. काही भाषांत आघाताची जागा ठरलेली असते : चेक भाषेत शब्दाच्या पहिल्या अक्षरावर, पोलिशमध्ये बहुधा उपान्त्य अक्षरावर. अशा भाषांत आघात ऐकला की शब्दाची सीमा कळते. त्रुबेत्स्कोयने आघाताचे हे सीमादर्शक कार्य वेगळे करून दाखविले. रशियनमध्ये मात्र आघात मोकळा आहे. तो शब्दात कोठेही पडू शकतो, म्हणून त्याच्यावरून सीमा कळत नाही. रशियन लोकपद्यात बोलण्यातील आघात गाताना आपली जागा सोडतो, हे ध्यानात आल्यावर आपल्याला झालेला आनंद स्ट्राव्हिन्स्कीने पुढे नमूद केला आहे. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही. आपल्या पद्याचा कान ऱ्हस्व-दीर्घावर आणि मात्रांवर पोसलेला आहे. त्यामुळे त्या बत्तीस ठोक्यांसमोर दोन प्रकारचे श्रोते संभवतात. एक, सम ठोक्यांची चौकट मनात धरून ठेवणारा. त्याला हॉर्नचे आघात चौकटीविरुद्धचे धक्के वाटतील. दुसरा, चौकट सोडून देऊन प्रत्येक आघातापासून नवा गट मोजणारा. त्याला ते धक्के न वाटता सीमा वाटतील. कागदावर तेथे साधे दोन-दोनांचे खाने आहेत, म्हणजे लेखन पहिल्या श्रोत्याच्या बाजूचे आहे. कान मात्र दोन्हीकडे जाऊ शकतो. त्याने कोणीकडे जावे हे पुष्कळसे संचालक ठरवितो. ध्वनिमुद्रणाच्या समीक्षेला येथे खरे काम आहे.

५

झुबीन मेहता यांचा जन्म १९३६ चा. वडील मेहली मेहता हे व्हायोलिनवादक. मुंबईत १९३५ मध्ये सिम्फनी वाद्यवृंद स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार. झुबीन १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले आणि हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकले. १९६२ पासून १९७८ पर्यंत लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत-दिग्दर्शक होते. प्रस्तुत मुद्रण डेक्का कंपनीने त्या काळात केले. स्ट्राव्हिन्स्की अनेक वर्षे ह्याच शहरात राहत होता आणि मुद्रणाच्या वर्षीच तो न्यूयॉर्कला गेला, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

संचालक भारतीय म्हणून त्याला ही लय ‘रक्तातूनच’ कळली असणार, असा तर्क आपल्याकडे करणारे आढळतात. हा तर्क सौजन्याचा असला तरी शास्त्रीय नाही. भाषा जन्माने मिळत नाही, सहवासाने आणि शिक्षणाने मिळते, संगीताचेही तेच. मेहता ज्या घरात वाढले तेथे पाश्चात्त्य संगीताचा रियाझ होता आणि त्यांची दीक्षा व्हिएन्नाची होती. त्यांच्या यशाचे श्रेय तालाला देणे म्हणजे त्यांच्या कष्टांचे श्रेय काढून घेणे होय. किंबहुना त्यांच्या मुद्रणात जे प्रकर्षाने जाणवते ते मध्य युरोपीय परंपरेचे लेणे आहे : नादाचा भरदारपणा, वाक्य लांबवर नेण्याची दृष्टी आणि अखंड पुढे जाणारी ओढ.

‘वसंताच्या शकुनां’त ही ओढ फार प्रभावी ठरते. ठोके भरीव आहेत आणि एकमेकांना रेटीत आहेत. चौकट श्रोत्याच्या अंगात भिनते, आणि म्हणूनच हॉर्नचा प्रत्येक आघात तिला तडा देणारा वाटतो. येथे आपण पहिल्या प्रकारचे श्रोते होतो. पहिल्या भागाच्या शेवटी वृद्ध ऋषीची मिरवणूक येते, तेव्हा निरनिराळ्या वाद्यगटांच्या आकृती एकावर एक रचल्या जातात. मेहतांच्या मुद्रणात ही रास खरोखर रास वाटते. पितळी वाद्ये आणि ढोल ह्यांना मुद्रकांनी जवळ आणून ठेवले आहे, त्याचाही ह्यात वाटा आहे. पाठोपाठच्या ‘पृथ्वीच्या नृत्या’त वाद्यवृंद जे धावतो त्याला तोड नाही.

संगीतकाराचे १९६० चे मुद्रण ह्याच्या शेजारी ठेवले तर प्रथम फिके वाटते. स्वर आखूड, कोरडे. ठोक्याठोक्यांत हवा खेळते. स्ट्राव्हिन्स्की संचालक म्हणून मेहतांइतका कसलेला नव्हता हेही उघड आहे. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या श्रवणात ध्यानात येते की, ठोके असे सुटे ठेवल्यामुळे चौकट आपल्या अंगात भिनत नाही. आघात धक्का राहत नाही, सीमा बनतो. नऊ, दोन, सहा, तीन हे गट स्वतंत्र पदांसारखे ऐकू येतात. मेहता संहिता म्हणतात, स्ट्राव्हिन्स्की पदपाठ म्हणतो.

दोहोंपैकी श्रेष्ठ कोणते, ह्या प्रश्नाला संपूर्ण कृतीपुरते एक उत्तर नाही. जेथे चौकट आहे आणि तिचा भंग दाखवावयाचा आहे, तेथे मेहतांचे मुद्रण मला सरस वाटते. कारण भंग जाणवावयास आधी चौकट दृढ असावी लागते. जेथे चौकटच नाही, म्हणजे ‘बलिनृत्या’त, तेथे मात्र त्यांची ओढ आड येते. ह्या नृत्यात ठोक्याइतकेच महत्त्व रिकाम्या जागेला आहे. पुढची जागा दोनाची की तीनाची हे बळी जाणाऱ्या मुलीला जणू माहीत नाही. प्रत्येक पाऊल ती त्या अज्ञानात टाकते. मेहतांचा वाद्यवृंद हे सारे इतक्या बिनचूक सफाईने पार करतो की, अज्ञान उरत नाही, कौशल्य उरते. अवघड पाठ तोंडपाठ झाला म्हणजे त्यातील अर्थ निसटतो, ह्याचा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्याला असतो. १९१३ च्या वादकांना जे जेमतेम वाजविता आले ते आज उत्तम वाद्यवृंदांना सहज येते. ह्या सहजतेची किंमत कृतीला मोजावी लागते, आणि हा दोष मेहतांच्या एकट्याचा नव्हे, कृतीनंतरच्या साऱ्या काळाचा आहे. स्ट्राव्हिन्स्कीच्या कोरड्या मुद्रणात, कदाचित त्याच्या संचालनातील मर्यादांमुळेही, ती किंमत थोडी कमी मोजली गेली आहे.

दुसऱ्या भागातील एक लहानशी जागा दोन्ही मुद्रणांत लागोपाठ ऐकावी. निवडलेल्या कुमारिकेचा गौरव सुरू होण्यापूर्वी अकरा एकसारखे जड ठोके येतात. त्यांच्यावर कोठेही विशेष आघात नाही. आपला कान सवयीने त्यांचे चार-चार-तीन असे गट करू लागतो. सीमा नसेल तेथेही सीमा पाहिल्यावाचून त्याला राहवत नाही. श्रोता स्वतः किती पदकार आहे, हे ह्या अकरा ठोक्यांत कळून येते.

६

१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन अवकाशयाने सोडली. त्यांच्यावर पृथ्वीची ओळख म्हणून एकेक सोनेरी तबकडी बसविली आहे. तिच्यावरील सत्तावीस संगीतखंडांत स्ट्राव्हिन्स्कीच्या ह्याच मुद्रणातील ‘बलिनृत्य’ आहे. आणि गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. केसरबाईंचे निधन त्याच सप्टेंबरातले. पंचावन्न भाषांतील अभिवादनांत मराठीचेही एक आहे.

म्हणजे आवर्तनाची हमी देणारे संगीत, ती हमी नाकारणारे संगीत आणि आपली भाषा, ही तिन्ही एका तबकडीवर आहेत. ती कोणाला सापडलीच तर त्या श्रोत्याजवळ सम नसेल, दंड नसतील, शब्दांमधल्या जागाही नसतील. केसरबाईंच्या गाण्यात काही तरी परत परत येते हे त्याला बहुधा कळेल, कारण पुनरावृत्ती हीच सीमेची पहिली खूण आहे. मराठी अभिवादनाचे शब्द कोठे तुटतात ते कळणार नाही. आणि ‘बलिनृत्य’ ऐकताना मात्र तो आपल्यापेक्षा फारसा मागे असणार नाही.

ह्यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण अध्यापनात उपयोगी पडावा असा आहे. परके संगीत आपल्या संज्ञांनी समजून घेण्यात चूक नाही. दुसऱ्या संज्ञा आपल्याजवळ असणार तरी कोठून? मात्र संज्ञा लावल्यावर ती कोठे लागत नाही हे पाहिले पाहिजे. त्रिताल हाताशी धरून ते बत्तीस ठोके मोजणाऱ्या विद्यार्थ्याला ‘हा ताल नव्हे’ असे जेव्हा स्वतःच्या बोटांवर कळते, तेव्हा त्याला स्ट्राव्हिन्स्कीइतकाच त्रितालही कळू लागलेला असतो.